जाहिरातवाले बाबूराव

मराठी सिनेमाच्या पहिल्या पन्नास वर्षांत बाबूरावांचा तुटवडा कधी पडला नाही. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर, ज्यांनी कॅमेरा स्वतः जुळवला आणि पोस्टरंही स्वतःच रंगवली. नट बाबूराव पेंढारकर, ज्यांचं ‘चित्र आणि चरित्र’ हे आत्मकथन जाणकार अजून शोधून वाचतात. ‘प्रभात’चे चित्रपट मुंबईहून देशभर धाडणारे फेमस पिक्चर्सचे बाबूराव पै. ही तीन नावं सिनेमाच्या कुठल्याही मराठी पुस्तकात सापडतात. चौथ्या बाबूरावांची मात्र मराठी वाचकाला ओळख करून द्यावी लागते. बाबूराव पटेल आयुष्यभर भरमसाट लिहीत राहिले, पण लिहिलं ते इंग्रजीत.

त्यांचा जन्म १९०४ चा, पालघरजवळच्या मासवणचा. घरचं आडनाव पाटील, त्याचं पुढं पटेल झालं. शाळा अर्धवट सुटली. विशीत मुंबईच्या सिनेमाधंद्यात शिरले आणि मिळेल ते काम करत गेले. सिनेमाच्या पत्रांत लिहिलं, कथा रचल्या, १९२९ साली ‘किस्मत’ नावाचा मूकपट दिग्दर्शित केला, बोलपट आल्यावर ‘सती महानंदा’ आणि आणखी काही चित्रपट केले. यातलं काहीच फारसं गाजलं नाही. बाबूरावांचा खरा हात बसला तो दुसऱ्यांचे चित्रपट लोकांच्या गळी उतरवण्यात.

या कामाची परंपरा आपल्याकडं सिनेमाइतकीच जुनी आहे. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला. तोच पुढं सुरतेला नेला, तर पहिल्या खेळाला गल्ल्यात जेमतेम तीन रुपये पडले. दोन आण्यांत रात्रभर नाटक बघणारा तिथला प्रेक्षक तासा-दीड तासाच्या खेळाला कशाला येईल, असं थिएटरवाला म्हणाला. फाळक्यांनी चित्रपटाला हातसुद्धा लावला नाही, फक्त जाहिरात बदलली. सत्तावन्न हजार छायाचित्रं, दोन मैल लांबीचं चित्र, आणि हे सगळं तीन आण्यांत! सिनेमाची फीत लांबच लांब असते आणि तिच्यावर हजारो चित्रं असतात, एवढंच काय ते सांगायचं होतं. सुरतकरांच्या रांगा लागल्या. दादासाहेबांना आपण चित्रपटाचे जनक म्हणतो ते ठीकच आहे, पण आपल्या सिनेमाचे पहिले प्रचारकही तेच.

बाबूराव पेंटरांनी या कामात रंग भरले. महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या चित्रपटांसाठी त्यांनी केलेली पोस्टरं नाटकाच्या हँडबिलावरल्या ठोकळेबाज अक्षरांपुढं वेगळ्याच जगातली वाटत. १९२४ च्या ‘कल्याण खजिना’चं पोस्टर हे भारतीय सिनेमाचं आज उरलेलं सर्वांत जुनं पोस्टर मानतात. पेंटरांच्याच हाताखाली शिकलेल्या शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर यांनी सीताराम कुलकर्ण्यांचं भांडवल घेऊन १९२९ साली कोल्हापुरात ‘प्रभात’ काढली, तेव्हा चित्रपट चांगला असून भागत नाही, तो चांगला दिसावाही लागतो, हे त्यांना शिकवावं लागलं नाही. १९३३ साली कंपनी पुण्याला आली. बाबूराव पैंच्या वितरणाबरोबर जाहिरातींचा व्यापही वाढला, आणि मुंबईतलं हे काम बाबूराव पटेलांकडं आलं. न्यू जॅक प्रिंटिंग प्रेसचे डी. के. पार्कर यांच्याशी त्यांचं जमलं होतं. छापखाना पार्करांचा, डोकं पटेलांचं.

हे काम नेमकं काय असे, ते त्या काळची एखादी चित्रपटपुस्तिका हातात घेतल्यावर कळतं. आठ-बारा पानांचं चोपडं. मुखपृष्ठावर नायिकेचा चेहरा, तोही दोन किंवा तीन रंगांत, कारण प्रत्येक रंगाचा ब्लॉक वेगळा आणि ब्लॉकचा खर्च वेगळा. आत कलावंतांची नावं. मग कथासार, आणि ते इंग्रजी, हिंदी, उर्दू, गुजराती अशा तीनचार लिप्यांत शेजारीशेजारी, म्हणजे एकच पुस्तिका लाहोरलाही चालावी आणि सुरतेलाही. शेवटी गाणी. कथासार लिहिणं वाटतं तितकं सोपं नाही. गोष्ट सांगायची, पण सगळी सांगायची नाही. नायिका विहिरीच्या काठावर आणून उभी करायची आणि पुढचं पडद्यावर पाहा म्हणून थांबायचं. दहा ओळींत कुतूहल पेटवायचं आणि अकराव्या ओळीला हात झटकायचे, ही त्या लेखनातली खरी मेख. बाबूरावांची लेखणी या तालमीत तयार झाली, आणि तिची लकब त्यांच्या पुढच्या प्रत्येक पुस्तकात उतरली. माझ्या मते त्यांच्या लेखनाचं बळ तिथलं, आणि त्याचा घातही तिथलाच.

१९३५ च्या एप्रिलमध्ये पार्करांच्या साथीनं त्यांनी ‘फिल्मइंडिया’ हे इंग्रजी मासिक काढलं. गुळगुळीत कागद, ठळक मथळे, मोठमोठी छायाचित्रं, आणि पानांमागून पानं जाहिराती. त्यांत ‘प्रभात’ ठळक. म्हणजे एकाच टेबलावर जाहिरातही तयार व्हायची आणि परीक्षणही. आजच्या वाचकाच्या भुवया उंचावतील, त्या तेव्हाही उंचावल्या होत्या. जाहिरात देणाऱ्याचं कौतुक आणि न देणाऱ्याची सालटी, असा आरोप बाबूरावांवर सतत झाला. तो सगळा खोटा म्हणता येत नाही. पण तेवढ्यावर त्यांना मोडीत काढता येत नाही, कारण ‘फिल्मइंडिया’ विकलं जायचं ते संपादकाच्या जिभेसाठी. ‘जुडास’ या टोपणनावानं चालणारं गावगप्पांचं सदर आणि वाचकांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरं लोक आधी उघडायचे. प्रश्न साधा असायचा, अमुक नटीचं वय काय, तमुक नट विवाहित आहे का. उत्तर एका ओळीचं, पण वाचून कुणाला तरी घाम फुटेल असं. जाहिरातीच्या मजकुरातली काटकसर इथं शिवीगाळीच्या कामाला आली होती. एका महिन्यात डोक्यावर घेतलेला माणूस पुढच्या महिन्यात पायाखाली असायचा.

मासिकाची मुखपृष्ठं पुढं एस. एम. पंडित या चित्रकारानं रंगवली. पंडित गुलबर्ग्याचे, म्हणजे निजामाच्या राज्यातले. हा उल्लेख मुद्दाम केला, कारण मी हे लिहितो आहे ते कुंभार पिंपळगावात, घनसावंगी तालुक्यात बसून, आणि हा सगळा मुलूख १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत त्याच राज्यात होता. मुंबईच्या सिनेमाधंद्यानं देश वितरणाच्या सर्किटांत वाटला तेव्हा औरंगाबाद, परभणी, बीड, नांदेड, उस्मानाबाद हे मराठी जिल्हे ‘निझाम’ सर्किटमध्ये गेले. राज्य गेलं, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला, १९८१ साली जालना जिल्हा झाला. वितरकांच्या कागदावर मात्र आम्ही पुष्कळ काळ निझामातच राहिलो. धंद्यातली जुनी माणसं आजही तोच शब्द वापरतात. मुंबईत तयार झालेला मराठी चित्रपट मराठी गावात यायचा तोही परक्या राज्याचा हिशेब लावून.

असल्या मुलखात सिनेमाच्या आधी जाहिरात पोचत असे. टांग्याच्या किंवा बैलगाडीच्या दोन्ही बाजूंना पोस्टरं टांगायची, पुढं ताशा किंवा नंतरच्या काळात भोंगा, आणि आठवडी बाजारातून फिरत हँडबिलं उधळायची. पोरं गाडीमागं धावायची. ज्याला वाचता येत नव्हतं तोही हँडबिल घडी घालून मुंडाशात खोचायचा. फिरत्या तंबूतला खेळ परवडला नाही तरी हँडबिल फुकट मिळायचं, आणि कित्येकांचा सिनेमा तेवढ्यावरच आटपायचा. बाबूरावांसारख्या माणसानं मुंबईत कापलेला-जोडलेला मजकूर भाषा बदलत, अक्षरं झिजत इथवर यायचा. इतिहास लिहिणारे कलावंतांबद्दल लिहितात, दिग्दर्शकांबद्दल लिहितात. या कागदाच्या प्रवासाबद्दल मराठीत फार थोडं लिहिलं गेलं आहे.

बाबूरावांच्या हातातलं हत्यार मोठ्या कामाला लागलं ते १९३८ साली. ‘द ड्रम’ हा वायव्य सरहद्दीवरल्या पठाणांना क्रूर आणि इंग्रजांना तारणहार दाखवणारा विलायती चित्रपट मुंबईत लागला. ‘फिल्मइंडिया’नं त्याच्याविरुद्ध रान उठवलं. मुंबईत निदर्शनं झाली, पोलिसांच्या लाठ्या चालल्या, अखेर खेळ थांबवावे लागले. चित्रपट खपवण्याचं तंत्र ज्याला कळतं त्याला चित्रपट बंद पाडण्याचंही कळतं, हे त्या वेळी सरकारच्याही ध्यानात आलं असावं.

या मोहिमेतला दुसरा आवाज ख्वाजा अहमद अब्बास यांचा. पानिपतचा हा तरुण १९३५ च्या सुमारास मुंबईत ‘बॉम्बे क्रॉनिकल’मध्ये आला आणि वरखर्चासाठी हिमांशु राय यांच्या मालाडच्या बॉम्बे टॉकीजचं प्रसिद्धीचं काम अर्धवेळ करू लागला. म्हणजे हाही मुळात जाहिरातवालाच. गांधीजी सिनेमाला जुगार आणि सट्ट्याच्या पंगतीला बसवत, तेव्हा १९३९ च्या ऑक्टोबरमध्ये अब्बासनी त्यांना उघडं पत्र लिहून सिनेमाची बाजू मांडली, आणि ते छापून आलं ‘फिल्मइंडिया’तच. दोन जाहिरातवाले एकाच मासिकात एकाच बाजूनं लढत होते. पुस्तकांच्या वाटेला लागल्यावर मात्र दोघांची तोंडं दोन दिशांना झाली.

अब्बासनी काय केलं ते पाहण्यासारखं आहे. १९३८ साली काँग्रेसनं जपानशी लढणाऱ्या चीनला पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे डॉ. चोळकर होते. कोटणीस तिथंच राहिले, क्वो चिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं, मुलगा झाला, आणि ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तिथंच वारले. पथकातले डॉ. बसू परतल्यावर अब्बासनी त्यांच्याकडून सगळी हकीकत काढून घेतली आणि १९४४ साली ‘अँड वन डिड नॉट कम बॅक’ हे छोटं पुस्तक लिहिलं. प्रचारकाची सगळी विद्या त्यात आहे. वेगवान प्रकरणं, डोळ्यांपुढं उभे राहणारे प्रसंग, आणि शीर्षकातच गुंतवून टाकणारी ओळ. फक्त या वेळी पुढं करायला खरा माणूस होता. शांतारामबापूंनी त्यावर १९४६ साली ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ केला आणि नायकही स्वतःच झाले. पटकथेवर अब्बास यांच्या जोडीला नाव आहे व्ही. पी. साठे यांचं. साठे हे तर पूर्णवेळ प्रसिद्धीच्या धंद्यातले मराठी गृहस्थ. याच जोडीनं पुढं ‘आवारा’ आणि ‘श्री ४२०’ लिहिले, पण राज कपूरच्या चाहत्यांना साठ्यांचं नाव विचारा, दहातले नऊ गप्प बसतील. जाहिरातवाल्याला स्वतःची जाहिरात करता येत नाही म्हणावं, तर बाबूराव पटेलांचं उदाहरण आडवं येतं.

बाबूरावांना स्वतःची जाहिरात उत्तम करता येत होती. सुशीलाराणी टोंबट या गायिकेशी त्यांनी लग्न केलं. बाई खरोखर गुणी, मोगूबाई कुर्डीकरांकडं शिकलेल्या, शिवाय मासिकाचं अर्धंअधिक काम अंगावर घेणाऱ्या. त्यांना नायिका करून बाबूरावांनी १९४४ साली ‘द्रौपदी’ आणि १९४६ साली ‘ग्वालन’ काढला. ‘फिल्मइंडिया’चं पानन्‌पान हाताशी होतं, छायाचित्रांना तोटा नव्हता. तरी सुशीलाराणींची पडद्यावरली कारकीर्द या दोन चित्रपटांवरच संपली. ‘ग्वालन’ पडला तेव्हा वर्षानुवर्षं त्यांचा मार खाल्लेल्या मंडळींनी मनातल्या मनात पेढे वाटले असतील. जाहिरातीची मर्यादा बाबूरावांइतकी महाग किंमत देऊन थोड्यांनीच शिकली असेल, पण ते ती शिकले असं पुढच्या लेखनावरून दिसत नाही.

त्यांच्या लेखणीचा मार बायकांना जास्त बसला, हेही सांगायला हवं. नट्यांच्या चारित्र्यावर, वयावर, अंगयष्टीवर ते जे लिहीत ते आज वाचवत नाही. शांता आपटे छडी घेऊन त्यांच्या कचेरीत शिरल्या आणि त्यांना चांगलं चोपून काढलं, अशी हकीकत सिनेमाच्या जुन्या मंडळींत सांगितली जायची. तिखटमीठ वगळून ती कितपत उरते कोण जाणे, पण बाई तशा होत्या खऱ्या. १९३९ साली कराराच्या वादातून ‘प्रभात’च्या फाटकाशी उपोषणाला बसणारी नटी ती हीच. दुसऱ्याच वर्षी, १९४० साली, त्यांनी ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक मराठीत लिहिलं. सिनेमाचा धंदा कसा चालतो, पैसा कुणाच्या हातात असतो, माणूस कसा पिळला जातो, हे आत राहिलेल्या बाईनं या धंद्याकडं ओढल्या जाणाऱ्यांसाठी सांगितलेलं. त्यात चटकदार वाक्यांची आतषबाजी नाही. चित्रपटपुस्तिका जिथं थांबते त्याच्या पुढचं सांगणारं हे पुस्तक आहे, म्हणून ते आज अभ्यासकांच्या हातात दिसतं आणि त्याचं इंग्रजी भाषांतरही झालं.

बाबूरावांचं पहिलं पुस्तक ‘ग्रे डस्ट’ १९४९ चं. १९५६ साली ‘बर्निंग वर्ड्‌स’ आलं, स्वातंत्र्यानंतरच्या नऊ वर्षांतल्या नेहरूंच्या कारभाराची झाडाझडती. चीनच्या युद्धाच्या सुमारास संरक्षणावर एक. मग प्रार्थनेची पुस्तकं, होमिओपॅथीची पुस्तकं. होमिओपॅथीची औषधंही ते देत. मधल्या काळात ‘फिल्मइंडिया’चं रूपांतर ‘मदर इंडिया’ या राजकीय मासिकात झालं, आणि नट्यांच्या जागी मंत्री आले. १९६७ साली जनसंघाच्या तिकिटावर मध्य प्रदेशातल्या शाजापूरमधून बाबूराव लोकसभेत निवडून गेले. मुसलमानांबद्दल त्यांनी जे लिहिलं त्यात विखार होता, त्यावर पांघरूण घालण्याचं कारण नाही. गंमत अशी, की त्यांचं सर्वांत जिवंत शब्दचित्र लिहिलं ते सादत हसन मंटो यानं, पाकिस्तानात गेल्यावर. मुंबईतला जुना स्नेह आठवत, माणसाचा आडदांडपणा आणि बुद्धी दोन्ही टिपत, पुढं विटलेल्या लेखणीबद्दलची नाराजी न लपवता.

‘बर्निंग वर्ड्‌स’सारखं पुस्तक आज वाचायला घेतलं की दहाव्या पानावर दम लागतो. प्रत्येक परिच्छेद मथळ्याच्या आवाजात बोलतो. सारखा भोंगा लावलेल्या गाडीमागं माणूस किती चालणार? मासिकात तो आवाज शोभायचा, कारण पान उलटलं की नटीचं छायाचित्र, त्याच्यापुढं साबणाची जाहिरात, मग पुन्हा बाबूराव. बांधणी केलेल्या पुस्तकात ही उसंत नाही. जाहिरातीचा मजकूर खेळ चालू असेपर्यंत जगतो, आणि बाबूराव पुस्तक लिहितानाही पुढच्या शुक्रवारसाठीच लिहीत होते. अब्बासनी सत्तरावर पुस्तकं लिहिली, त्यांतलीही पुष्कळ आज कुणी उघडत नाही, पण कोटणिसांचं चोपडं आणि १९७७ चं आत्मचरित्र टिकलं. ‘क्रॉनिकल’मध्ये सुरू केलेलं शेवटच्या पानाचं सदर ‘ब्लिट्झ’मध्ये नेऊन ते १९८७ साली मरेपर्यंत लिहीत होते. पुढच्या पिढीतले बनी रूबेन आरके स्टुडिओची प्रसिद्धी सांभाळत वाढले आणि निवृत्तीच्या वयात राज कपूर, मेहबूब, दिलीपकुमार, प्राण यांची चरित्रं लिहून गेले. पाहिलेलं सांगण्यावर त्यांचा भर होता, म्हणून ती अजून संदर्भाला घेतली जातात.

बाबूराव १९८२ साली गेले. सुशीलाराणींनी २०१४ पर्यंत, वयाच्या नव्वदीतही, गाणं आणि आठवणी जपल्या. आणि बाबूरावांच्या पुस्तकांना जे आयुष्य मिळालं नाही ते शेवटी ‘फिल्मइंडिया’च्या जुन्या अंकांना मिळालं. मूकपटांच्या काळात आपल्याकडं तेराशेच्या आसपास चित्रपट झाले, त्यांतले जेमतेम तीसेक उरले, तेही बरेचसे तुकड्यांत. ‘प्रभात’च्या चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह २००३ च्या जानेवारीत पुण्यातल्या आगीत जळाल्या. चित्रपट गेले, जाहिराती राहिल्या. १९३० आणि १९४० च्या दशकांतला सिनेमा कसा दिसत होता, काय विकत होता, कुणाला लाजवत होता, हे जगभरचे अभ्यासक आज ज्या कागदांवरून शोधतात त्यात बाबूरावांच्या मासिकाचे गठ्ठे वरच्या रांगेत आहेत. स्वतःची जी पुस्तकं त्यांनी कापडी बांधणीत काढली ती धूळ खात आहेत, आणि महिन्यापुरतं म्हणून लिहिलेलं टिकलं आहे.

म्हणून मराठवाड्यातल्या वाचकांना एक विनंती. जुन्या वाड्यातल्या ट्रंकांत, आजोबांच्या वह्यांत घडी घातलेलं एखादं हँडबिल, गाण्यांचं पुस्तक, चित्रपटपुस्तिका अजून निघते. आमच्या भागातली हँडबिलं तर मराठीबरोबर उर्दूतही छापलेली असायची, आणि असा कागद मुंबई-पुण्याच्या घरांत सहसा सापडत नाही. तो रद्दीत घालू नका, लॅमिनेशनही करू नका. पुण्याच्या लॉ कॉलेज रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. त्यांना कळवा.